दिसेल तेवढाच रस्ता

(मंडळाच्या चिपळूण येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात दोन शब्द बोलण्यासाठी आम्हांस पाचारण करताना कार्यवाहांनी विषयाची निवड आमच्याच इच्छेवर सोपविली होती. ज्ञातीचा पूर्वेतिहास, कुलदैवतांची स्थाने, विद्यार्थी साहाय्यक निधी, इत्यादी विषयांवर या व्यासपीठावरून आमच्याहून अधिकारी अशा वक्त्यांनी पूर्वी विवेचन केलेले आहे. आम्ही आमचा विषय कळविला तेव्हा कार्यवाह क्षणभर स्तब्ध राहिले. रात्री मोटार कशी चालवावी हा काय संमेलनात बोलण्याचा विषय, असे त्यांच्या मनात आले असावे. त्यांनी तसे बोलून दाखविले नाही, हा त्यांचा विनय होय.

परंतु मंडळी, या सभागृहाबाहेरच्या पटांगणात एकवार दृष्टी टाकावी. पूर्वी संमेलनास येणारे ज्ञातिबांधव एस. टी.ने येत, आगगाडीने येत, आणि रात्री परतीची सोयच नसल्यामुळे पथारी पसरून येथेच मुक्काम करीत. त्या रात्रीच्या गप्पांतून कित्येक सोयरिकी जुळल्या आहेत. आज पटांगणात मोटारींस जागा पुरत नाही. ही भरभराट पाहून आम्हांस आनंदच होतो. तथापि तिजबरोबर एक नवी रीत आपल्यात शिरली आहे. समारंभ संपला की पान, पान संपले की मोटारीची किल्ली! आज रात्री दहानंतर आपल्यापैकी निम्मी मंडळी मुंबई-ठाण्याच्या वा पुण्याच्या वाटेवर असतील. कोणी परशुराम घाट ओलांडून खेड-पोलादपुराकडे जाईल, तर कोणी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे. त्या रस्त्यांवर आज रात्री आपणांस काय दिसेल आणि काय दिसणार नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आम्ही ज्या अधिकाराने हे सांगतो, तो फारसा भूषणावह नाही, म्हणून तो प्रथम सांगून टाकतो.

२०१४ सालच्या माघ महिन्यातील गोष्ट. सांगलीकडे आपल्याच ज्ञातीतील एका घरी विवाह होता. विवाह सकाळी लागला, पण सायंकाळी स्वागतसमारंभ होता आणि त्यास थांबल्यावाचून निघणे यजमानांस रुचले नसते. जेवणे होऊन निघावयास साडेदहा झाले. "राहता का?" असे यजमानांनी विचारले आणि "छे, सकाळी कामावर जायचे आहे," असे आम्ही उत्तर दिले. या प्रश्नोत्तरात दोन्ही बाजूंस उपचारापलीकडे काही नव्हते, हे आपणांसही ठाऊक आहे. मोटार आम्ही चालवीत होतो. शेजारी डाव्या बाजूस आमचे वडीलबंधू, मागे आमची पत्नी व वहिनी. कऱ्हाडच्या अलीकडे वेग ताशी ८० किलोमीटर होता, रस्ता कोरडा व सरळ होता, आकाश निरभ्र होते. समोरून एक मालमोटार आली म्हणून दिव्यांचा झोत आम्ही खाली केला. ती मालमोटार निघून गेली आणि आमच्या पुढ्यात उसाने भरलेली ट्रॉली उभी! ट्रॉलीस मागे दिवा नव्हता. रिफ्लेक्टर असला तर तो बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला होता. चाक पंक्चर झाल्यामुळे ती रस्त्यातच थांबविलेली होती आणि इशारा म्हणून मागे चार दगड मांडलेले होते. आम्ही ब्रेक दाबला व चाक उजवीकडे वळविले. डावी बाजू ट्रॉलीवर आदळली.

कोणाचे प्राण गेले नाहीत. आमच्या वडीलबंधूंच्या डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, ते काठीवाचून चालूही लागले; परंतु मांडी घालून बसणे त्यांस पुन्हा जमले नाही. ज्यांनी ज्ञातीच्या पंगतींत चाळीस वर्षे वाढपी म्हणून हौसेने राबावे आणि शेवटच्या पंगतीस मांडी ठोकून बसावे, ते आता पंगतीच्या टोकाशी खुर्चीवर बसतात. आजही ते येथे, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर आहेत. आम्हांस त्यांनी एका अक्षराने कधी दोष दिला नाही.

पंचनाम्यात दोष ट्रॉलीवाल्याचा ठरला. कायद्याने ते योग्यच झाले. परंतु आमचे आयुष्य रस्त्यांच्या आखणीत गेले आहे. रुग्णालयाच्या बाकावर बसलो असताना आम्हांस एक कोष्टक आठवले. ते आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षीच पाठ केले होते, आणि मोटार चालविताना मात्र एकदाही मनात आणले नव्हते.

ते कोष्टक इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे. ही संस्था १९३४ साली स्थापन झाली आणि आपल्या देशातील रस्ते तिने घालून दिलेल्या मानांनुसार आखले जातात. रस्त्यात अडथळा दिसल्यापासून मोटार पूर्ण थांबेपर्यंत किती अंतर लागते, हे त्यात वेगानुसार दिलेले आहे. ताशी २० किलोमीटर वेगास २० मीटर, ३० ला ३० मीटर, येथवर हिशेब लक्षात ठेवण्यास सोपा. पुढे मात्र तो बिघडत जातो. ४० ला ४५, ६० ला ८०, ८० ला १२० आणि १०० ला १८० मीटर! वेग दुप्पट केला की अंतर दुप्पट होते, असा आपला समज असतो. ते तसे होत नाही. ४० चे ८० केले, तर ४५ मीटरांचे १२० होतात. कारण ब्रेक लागल्यानंतर चाकांनी जी गती जिरवावयाची, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि ब्रेक लागण्यापूर्वीचे अंतर निराळेच. डोळ्यांस काही दिसावे, ते काय आहे हे मनास उमगावे, आणि मग पाय ब्रेकवर जावा, या व्यापारास त्या कोष्टकात अडीच सेकंद धरलेले आहेत. ताशी ८० किलोमीटरने मोटार सेकंदास २२ मीटर धावते. अडीच सेकंदांचे झाले ५५ मीटर.

आता दुसरा आकडा घ्यावा. मोटारीच्या दिव्यांचा खालचा झोत, ज्यास चालक मंडळी 'डिपर' म्हणतात, तो साधारणतः पन्नास-साठ मीटरांपर्यंतचा रस्ता उजळतो. दिव्यांच्या जातीप्रमाणे थोडे कमी-अधिक होईल, एवढेच.

हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. डिपरवर ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्यास अडथळा पन्नास मीटरांवर दिसतो, आणि त्याचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत पंचावन्न मीटर संपलेले असतात. कोणी म्हणेल की ही माने रस्ता आखणाऱ्यांसाठी सढळ हाताने धरलेली आहेत. जागरूक तरुणाचा पाय दीड सेकंदातही ब्रेकवर जातो, आणि नव्या मोटारींचे ब्रेक उत्तम असतात. हे मान्य करूनही कोरड्या रस्त्यावर पन्नास मीटरांच्या आत ती मोटार थांबत नाही. म्हणजे त्या माघातल्या रात्री ट्रॉलीस दिवा नव्हता हे जितके खरे, तितकेच हेही खरे की जो रस्ता आम्हांस दिसतच नव्हता, त्यावरून आम्ही चाललो होतो. पंचनाम्याने ट्रॉलीवाल्यास दोषी धरले, गणिताने आम्हांस.

रात्री आपण रस्ता पाहून मोटार चालवितो, ही समजूतच बहुधा खोटी असते. आपण पाहतो पन्नास मीटर आणि पुढचे सत्तर मीटर गृहीत धरतो. काल येथे रस्ता होता, म्हणून आजही असेल. गेल्या दहा वळणांवर कोणी उभे नव्हते, म्हणून अकराव्यावरही नसेल. बहुतेक रात्री हे गृहीत खरे ठरते, आणि त्यामुळेच ते अंगवळणी पडते.

महाडची गोष्ट आपणांपैकी कोणी विसरले नसेल. आपल्या पुष्कळ कुटुंबांची गावास जाण्याची ती नित्याची वाट. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला दगडी पूल पुरात वाहून गेला. एस. टी.च्या दोन बसगाड्या आणि खासगी वाहनही त्या काळोखात नदीत गेले. त्या चालकांस दोष देण्याचा विचारही आमच्या मनात नाही. मुसळधार पावसात पूल नाहीसा झाला असेल अशी शंका कोणास यावी? परंतु जवळच्या एका गॅरेजमध्ये काम करणाऱ्या तरुणाच्या ध्यानात आले की पुढे गेलेल्या वाहनांचे दिवे पलीकडे निघतच नाहीत. तो धावत रस्त्यावर आला आणि त्याने मागून येणारी वाहने अडविली. तेथे नवा पूल अवघ्या काही महिन्यांत, २०१७ च्या जूनमध्ये उभा राहिला. त्या पुलावरून जाताना आमचा वेग आजही आपोआप कमी होतो.

आता डोळ्यांविषयी. अंधारास डोळा सरावतो तो हळूहळू. बाहुली विस्फारण्यास फारसा वेळ लागत नाही, परंतु डोळ्याच्या पडद्यातील ज्या पेशी मंद उजेडात पाहतात, त्यांस पुरते कार्यक्षम होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. लखलखाटाच्या मंडपातून उठून तत्काळ मोटारीत बसणारा मनुष्य पहिला अर्धा तास निम्म्या दृष्टीनेच चाललेला असतो. आणि हा मिळविलेला सराव समोरून येणाऱ्या एका प्रखर झोताने क्षणात मोडतो. झोत निघून गेल्यावर डोळा सावरण्यास काही सेकंद जातात. आमच्या वयाच्या माणसास अधिक. त्या काही सेकंदांतच आमची ट्रॉली होती. समोरून झोत येताच त्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर न्यावी आणि पाय उचलावा. पुढचा त्रास देतो म्हणून आपणही 'अप्पर' मारून त्याची परतफेड करणे म्हणजे, समोरून अंगावर येणारा मनुष्य आपण होऊन आंधळा करणे. हे कसले शहाणपण?

येथे ज्येष्ठांची क्षमा मागून एक गोष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर पोहोचणारा उजेड हा विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांश असतो. बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही आणि आतील भिंग पिवळसर होत जाते. दिवसा हे जाणवत नाही. दिव्याभोवती वलये दिसू लागली, समोरच्या झोताची किरणे फुटून पसरल्यासारखी भासू लागली, तर तो बहुधा मोतीबिंदूचा आरंभ समजावा आणि नेत्रवैद्यांकडे जावे. "चाळीस वर्षे गाडी चालवतोय, मला कोण शिकवणार?" हे वाक्य आम्ही आपल्या ज्ञातीतील किमान पाच घरांत ऐकले आहे, त्यांपैकी एक घर आमचेच. या वाक्याने डोळ्यातील भिंग स्वच्छ होत नाही. रात्रीचे चालविणे मुलाकडे वा सुनेकडे द्यावे. सुनेकडे हे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण आमच्या घरी सर्वांत निगुतीने मोटार चालविणारी व्यक्ती तीच आहे.

डोळ्यांइतकीच काचेचीही काळजी घ्यावी लागते. समोरची काच बाहेरून सर्वजण पुसतात, आतून कोणी पुसत नाही. आत बसणारा धुळीचा व उदबत्तीच्या धुराचा तेलकट थर दिवसा दिसत नाही, पण रात्री समोरून दिवा येताच सबंध काच दुधासारखी पांढरी होते. पावसात काचेवर आतून वाफ धरली, तर हाताने पुसू नये. वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा काचेवर सोडावी, म्हणजे ती दोन मिनिटांत निवळते. आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी फारच थोड्यांस ठाऊक असते. गणपतीस गावी जाताना आपण डिकी ठासून भरतो. तांदूळ, मखर, आजीची ट्रंक, काय काय असते! त्या भाराने मोटारीची मागील बाजू दबते, पुढील बाजू उचलली जाते आणि दिव्यांचा खालचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागतो. तो आपणांस शिव्या देतो आणि आपणांस त्याचे कारण कळत नाही. पुष्कळ मोटारींत चालकाच्या उजव्या हातास झोत खाली घेण्याची एक लहानशी चकती असते. भार असताना ती फिरवून ठेवावी. परतीच्या प्रवासात डिकी रिकामी होते असे मात्र समजू नये, नारळ असतातच.

आता धुके. हवामानशास्त्रात १००० मीटरांच्या आतील वस्तूच दिसेल अशी स्थिती झाली म्हणजे तीस धुके म्हणतात. २०० मीटरांच्या आत आली की दाट, आणि ५० मीटरांच्या आत आली की अतिदाट. आंबोलीस पावसाळ्यात आणि कुंभार्लीच्या माथ्यावर कित्येकदा मोटारीचे नाक दिसते आणि त्यापुढे काही नाही. अशा वेळी घाबरलेला माणूस झोत वर करतो. धुके म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. वरचा झोत त्यांवर आदळून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. झोत खालीच ठेवावा, आणि धुक्यासाठी खाली बसविलेले निराळे दिवे असतील तर ते लावावेत. दुसरी चूक म्हणजे चारी बाजूंचे इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालणे. ते थांबलेल्या मोटारीचे लक्षण आहे. चालत्या मोटारीने ते लावले, तर मागच्यास आपण उभे आहोत की चाललो आहोत हे कळत नाही, आणि वळताना कोठे वळणार तेही कळत नाही.

तिसरी चूक सर्वांत मोहक असते. पुढच्या मालमोटारीचे तांबडे दिवे दिसतात, त्यांच्या पाठोपाठ जाणे सोपे वाटते, जणू कोणी हात धरून नेत आहे. परंतु तो चालकही आपल्याइतकाच आंधळा असतो, आणि तो थांबेल तेव्हा आपण त्याच्या पाठीत असू. डावीकडची रेघ धरावी व वेग कोष्टकाप्रमाणे ठेवावा. वीस मीटर दिसत असतील तर ताशी वीस. हसू नये! ताशी वीसने कुंभार्ली उतरण्यास जो जास्तीचा वेळ लागेल, तो आपण येथे पानाच्या तबकाशी नित्य घालवितो. वीस मीटरही दिसेनासे झाले, तर रस्त्यापासून पुरते बाजूस, एखाद्या हॉटेलाच्या आवारात, मोटार न्यावी आणि थांबावे. रस्त्याच्या कडेस अर्धवट थांबणे हे चालण्याहूनही वाईट. घाटाविषयी आमच्या मनात अकारण भय नाही. कशेडीस बोगदा झाला, २०२३ च्या गणेशोत्सवात त्यातून वाहतूक सुरू झाली आणि पुष्कळ वळणे चुकली. परंतु बोगद्याच्या तोंडाबाहेर पाऊस व धुके पूर्वीचेच आहेत.

पावसाचेही तेच. ओल्या रस्त्यावर चाकांची पकड निम्म्याच्या आसपास येते. त्यातून पाणी साचलेले असेल आणि वेग अधिक असेल, तर चाक रस्त्यास टेकतच नाही, पाण्यावर तरंगते. मग सुकाणू फिरवून उपयोग नाही आणि ब्रेक दाबूनही नाही. झिजलेले टायर 'अजून एक गणपती निघेल' म्हणून ठेवणारी मंडळी आपल्यात आहेत. आम्ही नावे घेत नाही.

लोकांची अशीही समजूत असते की धोका मध्यरात्रीनंतरचा. सातच्या सुमारास निघाले तर काय बिघडले? केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत सायंकाळी ६ ते ९ हाच काळ अपघातांच्या संख्येत पहिला असतो. सुमारे एकपंचमांश अपघात त्या तीन तासांत घडतात. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, हेही त्याच मंत्रालयाचे आकडे सांगतात. दिवेलागणीच्या वेळी आकाशात उजेड असतो, रस्त्यावर नसतो, आणि रस्ता सर्वांत गजबजलेला असतो. शेतावरून परतणारी माणसे, गुरे, दिव्यावाचूनच्या सायकली, सर्व त्याच वेळी. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सायंकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकी यात्रेस पायी निघालेल्या दिंडीत मोटार शिरली आणि सात वारकरी मृत्युमुखी पडले. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे वारीस जातात. गडद वस्त्रातील मनुष्य डिपरच्या उजेडात पंचवीस-तीस मीटरांवर येईपर्यंत दिसत नाही. प्रकाश आल्या वाटेने परत पाठविणारी पट्टी अंगावर वा पताकेच्या काठीवर असेल, तर तोच शंभर मीटरांहून लांबून दिसतो. तरुण मंडळाने या वर्षी दिंडीस निघणाऱ्यांसाठी अशा पट्ट्या आणविल्या आहेत. त्यांनीच गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांनाही त्या लावण्याचे मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्याचा खर्च आम्ही सोसू. आणि मोटार बंद पडली, तर दगड मांडू नयेत. मोटारीबरोबर मिळणारा तांबडा त्रिकोण डिकीच्या तळाशी धूळ खात असतो. तो काढून निदान पन्नास मीटर मागे ठेवावा. दगड मांडणारा मनुष्य निघून जातो, दगड तेथेच राहतात, आणि पहाटे कोणी दुचाकीस्वार त्यांवर कोसळतो.

आता झोपेचे सांगतो आणि संपवितो. दिवे, डोळे, काच, सर्व उत्तम असून चालकाच्या पापण्या मिटल्या, तर वरचे सर्व गणित शून्य. डार्विनच्या देशात नव्हे, ऑस्ट्रेलियात १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सतरा तास जागा राहिलेला मनुष्य, रक्तात शंभर मिलिलिटरास ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच मंद होतो, असे त्यात आढळले. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आता आपल्या घरांतील क्रम पाहावा. विवाहाच्या दिवशी पहाटे पाचला उठणे, आणि रात्री दहाला सुकाणूवर बसणे. पाचापासून दहापर्यंत बरोबर सतरा तास होतात! ज्या घरात मद्याचा थेंबही चालत नाही, त्या घरचा कर्ता पुरुष मद्यपी माणसाच्या अवस्थेत मुलाबाळांस घेऊन निघतो, आणि दारात उभे राहून आपण सर्व त्यास हात हलवून निरोप देतो. ताशी ८० किलोमीटरने जाताना पाच सेकंद डोळा लागला, तर मोटार शंभराहून अधिक मीटर चालकावाचून धावते. रात्री दोन ते पहाटे सहा हा काळ तर शरीर झोपच मागते. काच खाली करणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, यांनी पाच-दहा मिनिटे निघतात. चहा-कॉफीचा परिणाम होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. तोवर मोटार सुरक्षित जागी उभी करून डुलकी घ्यावी. परंतु खरा उपाय अंथरूण हाच.

हे अंथरूण कोणी घालावयाचे? आमच्या मते, यजमानाने. विवाहाच्या याद्यांत आहेर असतो, मानपान असतो, रुखवत असते. मुक्कामाच्या गाद्यांची ओळ मात्र अलीकडे गळाली आहे. "राहता का?" हा प्रश्न नव्हे. "तुमच्या गाद्या घातल्या आहेत, सकाळी चहा घेऊन निघा," असे म्हणावे, आणि मग पाहुण्याने उपचाराखातर नाही म्हणू नये. स्वागतसमारंभ रात्री आठास ठेवावयाचा आणि पाहुण्यांनी दोनशे किलोमीटर दूर घरी जावयाचे, हे दोन्ही एकत्र नांदत नाहीत. समारंभ दुपारी उरकावा, नाही तर गाद्या घालाव्यात. कित्येक यजमान म्हणतील की खर्च वाढेल. मंडपातील रोषणाईचा एक कोपरा कमी केला, तर गाद्यांचे भाडे निघते.

कार्यकारिणीपुढे आम्ही हेच मांडले, आणि सांगण्यास समाधान वाटते की अध्यक्षांनी ते आजपासूनच अमलात आणले आहे. या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर पन्नास माणसांची पथारी घातलेली आहे. स्त्रियांची व लहान मुलांची सोय शेजारच्या शाळेच्या दोन वर्गांत आहे. ज्यांस मांडी घालणे वा खाली निजणे जमत नाही, अशा वडीलधाऱ्यांसाठी खाली सहा खाटा आहेत. त्यांपैकी एक आमच्या वडीलबंधूंची, दुसरी कोणाची ते अद्याप ठरावयाचे आहे. सूर्योदय सातच्या सुमारास आहे. चहा साडेसहास व पोहे सातास मिळतील. नावे जेवणापूर्वी कार्यवाहांकडे द्यावीत, आणि मोटारींच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच ठेवल्या तरी आमची हरकत नाही.